संप्रेरक, ग्राही आणि खुडूक कोंबडी

वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुणविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यास 'ग्राही' ह्या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो सुंठ, जिरे, गजपिंपळी अशी नावे सांगेल. जे द्रव्य दीपन व पाचन करते आणि आपल्या उष्णतेने द्रव भाग शोषून घेते ते ग्राही, अशी शार्ङ्गधराची व्याख्या त्यास पाठ असते. हे महाविद्यालय १९४१ साली स्थापन झाले. तेथून पूर्वेस जेमतेम कोसभर चालत गेले की परळ येते, आणि परळास १९७० पासून प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील कामकाज इंग्रजीत चालते हे खरे. परंतु त्या कामाविषयी मराठीत लिहावयाचे झाल्यास हाच 'ग्राही' शब्द योजावा लागतो, आणि तेथे त्याचा अर्थ सुंठ वा जिरे असा नसतो. तेथे ग्राही म्हणजे पेशीच्या ठायी असलेले असे प्रथिन, की जे रक्तातून वाहत आलेल्या संप्रेरकास ओळखते, धरते, आणि त्याचा निरोप पेशीच्या अंतर्भागी पोहोचविते. अंडाशयातील पुटकांची वाढ घडविणाऱ्या संप्रेरकाचा ग्राही हा त्या संस्थेच्या अभ्यासाचा एक विषय आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ कोसभराच्या आत सुखाने नांदावेत ह्यात नवल नाही. भाषेत असे नित्य घडते. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. संप्रेरक, ग्राही आणि जनुक ह्या तीन शब्दांवाचून आज मराठीत शरीराविषयी काही गंभीर लिहिणे अशक्य झाले आहे. ह्या तिन्हींमागील इंग्रजी संज्ञांचा, निदान त्यांच्या कुळाचा, इतिहास पाहू गेल्यास एकच साल व बहुतांशी एकच गाव पुढे येते. आणि प्रत्येक वेळी जवळपास कोठेतरी एक कोंबडी आढळते. ह्या इतिहासातून जे शिकावयाचे ते मराठीने अर्धेच उचलले, असे माझे मत आहे. त्याची कारणमीमांसा पुढे येईल.

ते साल १९०५. त्या वर्षीच्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनी जी व्याख्याने दिली त्यांत 'हार्मोन' हा शब्द प्रथम वापरला गेला. तीन वर्षांपूर्वी, १९०२ साली, त्यांनी व बेलिस ह्यांनी आतड्याच्या अस्तरातून निघणारे 'सिक्रेटिन' शोधून काढले होते, आणि अशा द्रव्यांसाठी एक जातिवाचक नाव हवे होते. हे नाव केंब्रिजमधील एका भोजनप्रसंगी ग्रीक भाषेच्या एका जाणकाराने सुचविले असे सांगतात. 'होर्माओ' म्हणजे मी चेतवितो, गती देतो. त्याच वर्षी, त्याच केंब्रिजात, जे. एन. लँग्ली ह्यांनी आपला स्नायूंवरील निबंध प्रसिद्ध केला आणि पेशीत एखादे 'ग्रहणशील द्रव्य' असले पाहिजे असे प्रतिपादन केले. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विल्यम बेटसन ह्यांनी एका सहकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात आनुवंशिकतेच्या शास्त्रासाठी 'जेनेटिक्स' हा शब्द सुचविला. 'जीन' हा शब्द त्यानंतरचा. तो १९०९ साली डेन्मार्कचे योहानसेन ह्यांनी घडविला. 'रिसेप्टर' हा शब्दही काटेकोरपणे पाहता जर्मनीतील पॉल एर्लिख ह्यांच्या लेखनात १९०० सालीच आला होता. परंतु शब्द एर्लिखचा असला तरी कल्पनेस प्रयोगाचा पाया लँग्ली ह्यांनी दिला, आणि तो प्रयोग कोंबड्यांवरील होता.

तो प्रयोग मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगा आहे. कोंबड्याच्या शरीरात निकोटिन टोचले की त्याच्या पायांचे स्नायू ताठ होतात. त्या काळची समजूत अशी की, हे विष मज्जातंतूंच्या टोकांवर परिणाम करते आणि ती टोके स्नायूस चेतवितात. लँग्ली ह्यांनी स्नायूकडे जाणारा तंतू कापला, तो पुरता नासून जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग निकोटिन दिले. स्नायू तरीही ताठला. म्हणजे निरोप्या नाहीसा झाला तरी निरोप पोहोचला. पुढे त्यांनी कुरारी दिले, ताठरपणा ओसरला, पण त्याच स्नायूस विजेचा प्रत्यक्ष धक्का दिला तर तो आखडतच होता. यास्तव निकोटिन व कुरारी ह्या दोघांची झटापट तंतूत नव्हे, आणि आकुंचन पावणाऱ्या मूळ द्रव्यातही नव्हे, तर स्नायुपेशीतीलच कोणत्यातरी तिसऱ्या वस्तूवर होते. त्या वस्तूस त्यांनी नाव दिले, पण ती पाहिली मात्र नाही. पुढे कित्येक दशके ती कोणीच पाहिली नाही.

बेटसन ह्यांचाही कोंबड्यांशी निकटचा संबंध होता. मेंडेलचे नियम वाटाण्याप्रमाणे प्राण्यांसही लागू पडतात, ह्याचा अगदी आरंभीचा पुरावा त्यांनी १९०२ साली दिला, तो कोंबड्यांच्या तुऱ्यांच्या आकारांवरून. राहता राहिला हार्मोन. त्याचे आजोळ १८४९ सालच्या गॉटिंगेनमध्ये आहे. तेथील आर्नोल्ड बेर्टोल्ड ह्यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. ज्यांचे वृषण काढून टाकले ते खच्ची कोंबडे झाले : तुरा खुरटला, आरवणे थांबले, भांडणे व माद्यांमागे लागणे संपले. ज्यांच्या पोटात वृषण परत, परंतु भलत्याच जागी, ठेवण्यात आले ते मात्र पूर्ण कोंबडेच राहिले. त्या वृषणास नवे रक्तवाहिन्यांचे जाळे लाभले होते. मूळचे मज्जातंतू मात्र तुटलेले होते. तेव्हा परिणाम घडतो तो रक्ताच्या मार्गाने, असा निष्कर्ष बेर्टोल्ड ह्यांनी चार पानांत लिहून ठेवला, आणि तो अर्धशतकभर जवळजवळ कोणी वाचला नाही.

आता मराठीकडे वळू. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शास्त्रीय परिभाषेचे काम सरकारी पातळीवर सुरू झाले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७६ पासून मराठी विश्वकोशाचे खंड निघू लागले. हार्मोन ह्या शब्दाचे काय करावे ह्याविषयी ह्या प्रयत्नांत एकवाक्यता नव्हती. विश्वकोशाने 'हॉर्मोन' हा शब्दच मराठी करून घेतला, त्याचे 'हॉर्मोने' असे अनेकवचन चालविले. पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत 'संप्रेरक' रुजला. 'संप्रेरक' हा शब्द भाषांतर म्हणून अत्यंत चोख आहे हे मान्य केले पाहिजे. 'ईर्' ह्या संस्कृत धातूचा अर्थ गती देणे, हलविणे. 'प्र' लागून प्रेरणा. त्यावर 'सम्' चढवून पारिभाषिक वजन आणलेले. ग्रीक 'होर्माओ'चे ह्याहून जवळचे रूप सापडणे कठीण. 'जनुक' हाही शब्द सुटसुटीत. 'जन्' धातू आणि लघुत्वाचा भास देणारा शेवट. विश्वकोशाने तेथेही 'जीन' पसंत केले. परंतु आज जनुकाने ती लढाई जिंकली आहे.

'ग्राही'ची हकीकत वेगळी. येथे 'ग्राहक' हा शब्द अधिक स्वाभाविक ठरला असता, पण लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत तो आधीच कामास लागला होता. म्हणून 'ग्राही', क्वचित 'संग्राहक', क्वचित 'ग्रहणक्षम प्रथिन' असे पर्याय येत राहिले, आणि ह्या चाचपडण्यामुळे सामान्य वाचकाच्या मनात त्यांपैकी एकही ठसला नाही. आपल्या घरांतून 'संप्रेरकांचा बिघाड' हे शब्द सर्रास ऐकू येतात. 'ग्राहींचा बिघाड' असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ह्यात केवळ परिचयाचा प्रश्न नाही. 'संप्रेरक' हा शब्द कर्तृवाचक आहे. तो उच्चारताच प्रेरणा देणारा कोणीतरी पुढे येतो आणि ज्याला प्रेरणा मिळते तो निमूट कर्माच्या जागी जाऊन बसतो. शाळेत सांगितला जाणारा कुलूप-किल्लीचा दृष्टांतही हीच समजूत पक्की करतो, कारण कुलूप स्वतःहून काही करीत नाही. आपल्या प्राचीन शाब्दबोधविचारात वाक्यार्थासाठी पदांची 'आकांक्षा' व 'योग्यता' लागते असे म्हटले आहे. उच्चारलेले पद नुसते कानी पडून भागत नाही. लँग्ली ह्यांच्या कोंबड्याने शरीराविषयी हेच सांगितले होते. ते मराठीत पोहोचले नाही.

ग्राही हा तर्क न राहता प्रत्यक्ष पदार्थ कसा ठरला, त्याही कथेत कोंबडी आहे. निकोटिनचा ग्राही विद्युत्-माशांच्या अवयवांतून वेगळा करण्यात आला, ते १९७० नंतरच्या दशकात. त्याच सुमारास अमेरिकेत बर्ट ओमॅली व त्यांचे सहकारी कोंबडीच्या अंडवाहिनीत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही अभ्यासीत होते. कारण ते संप्रेरक दिले की त्या अवयवात पांढऱ्या बलकातील एक ठराविक प्रथिन तयार होऊ लागते, आणि ते मोजता येते. १९८६ व १९८७ ह्या दोन वर्षांत कोंबडीच्या इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व ड जीवनसत्त्व ह्यांच्या ग्राहींची जनुके हाती आली. परंतु सर्वांत अनपेक्षित दुवा मिळाला तो रोगातून. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू फार वर्षांपासून ठाऊक होता. त्याने कोंबडीच्याच पेशींतून दोन जनुके चोरलेली होती. त्यांपैकी एक जनुक म्हणजे पेशींच्या वाढीस चेतविणाऱ्या एका संप्रेरकसदृश घटकाच्या ग्राहीचा तोडका तुकडा आहे असे १९८४ साली, आणि दुसरे अवटु ग्रंथीच्या संप्रेरकाच्या ग्राहीचे विकृत रूप आहे असे १९८६ साली सिद्ध झाले. निरोप नसतानाही 'निरोप आला' असे ओरडत राहणारा ग्राही, आणि आलेला निरोप न ऐकणारा ग्राही, असे हे दोन चोरीचे माल. ह्या ठिकाणी परळचे स्मरण होणे साहजिक आहे. १९५२ साली तेथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे ह्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा संबंध आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी व विषाणूंशी जोडून पाहिला होता. त्यांचे प्राणी उंदीर होते, कोंबड्या नव्हत. पण ही तीन सूत्रे एका हाती धरण्याचा त्यांचा आग्रह पुढील घटनांनी खरा ठरविला.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. तो शब्द 'खुडूक'. अंडी देणे थांबवून उबवणीस बसलेली, किंवा अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागी हट्टाने बसून राहणारी कोंबडी ती खुडूक. मुंबईच्या जुन्या गावठाणांत व कोळीवाड्यांत, वरळीच्याही, ज्या घरांनी कोंबड्या पाळल्या त्या घरांस ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. घरात मुकाट कोपरा धरून बसलेल्या माणसासही तो लावला जातो. त्याची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. हिंदीत 'कुडक' मुर्गी म्हणतात, फारसीत 'कुर्क' आहे. तेव्हा हा शब्द फारसीतून आला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु जर्मन भाषेत अशा कोंबडीस 'ग्लुके' म्हणतात व इंग्रजीत तिच्या आवाजास 'क्लक', हे पाहिले म्हणजे शंका येते की, भाषांनी एकमेकींकडून उसने घेण्याऐवजी सर्वांनी थेट कोंबडीकडूनच घेतले असावे. उबवणीस बसलेली कोंबडी खरोखरच वेगळ्या, खोल, तुटक आवाजात बोलते. व्युत्पत्ती काहीही असो, ह्या शब्दाचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. कोंबडीला कोणी खुडूक करीत नाही. कोंबडी खुडूक होते. क्रियापद अकर्मक आहे, आणि अवस्था तिची स्वतःची आहे.

शास्त्राने ह्या अवस्थेचा कर्ता शोधण्याचा प्रयत्न केला. ऑस्कर रिडल ह्या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली पोष ग्रंथीतील एका संप्रेरकास 'प्रोलॅक्टिन' असे नाव दिले, कारण त्याने पारव्यांच्या गळ्याच्या पिशवीत पिलांना भरविण्याचे 'दूध' तयार होत असे. १९३५ साली त्यांनीच दाखविले की, हे द्रव्य टोचल्यास अंडी देणारी कोंबडी उबवणीस बसते. नाव दुधाचे आणि कोंबडीस तर दूध नाही. हेच संप्रेरक गाईत दूध आणते, पारव्यात गळा फुगविते, कोंबडीस अंड्यांवर बसविते. संप्रेरकाच्या रेणूत जातीजातींनुसार फरक आहेत हे खरे, परंतु एवढ्या भिन्न फलांचा खुलासा त्या फरकांतून होत नाही. तो होतो निरोप कोणत्या पेशीत, कोणत्या ग्राहीने, कोणत्या तयारीत घेतला ह्यावरून.

पक्ष्यांत आणखी एक गंमत आहे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत प्रोलॅक्टिनवर मुख्यतः लगाम घातलेला असतो. पक्ष्यांत उलट मेंदूतून टाच मारावी लागते. ती टाच मारणारे द्रव्य १९७० साली प्रथम डुकराच्या आतड्यात सापडले, त्यामुळे त्याच्या नावात 'आतडे' कायमचे अडकले. कोंबडीच्या छातीपोटाच्या उघड्या कातडीस अंड्यांचा ऊबदार स्पर्श होतो, तो स्पर्श मेंदूपर्यंत जातो, मेंदूतील हे आतड्याच्या नावाचे द्रव्य पोष ग्रंथीवरील आपल्या ग्राहींस गाठते, आणि प्रोलॅक्टिन वाढते. ह्या द्रव्याविरुद्ध कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करविली, तर ती खुडूक होत नाही, हेही प्रयोगाने दिसले आहे. आमच्या खेड्यांतील बायका खुडूक कोंबडीस गार पाण्यात बुडवितात, डालग्याखाली घरट्यापासून दूर कोंडून ठेवतात, कोठे कोठे तिच्या नाकात पीस खुपसतात. शेवटचा उपाय क्रूर आहे आणि त्याचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. परंतु पहिले दोन उपाय बरोबर मर्मावर बोट ठेवणारे आहेत : पोट गार करणे आणि अंड्यांचा स्पर्श तोडणे. घरट्यापासून तोडलेल्या कोंबडीच्या रक्तातील प्रोलॅक्टिन लवकरच खाली येते. ह्या बायकांनी निरोप्याचा पाठलाग न करता निरोप जेथून उठतो व जेथे ऐकला जातो त्या शरीराचा विचार केला.

१९९२ साली जपानी संशोधकांनी कोंबडीच्या प्रोलॅक्टिन-ग्राहीची रचना प्रसिद्ध केली तेव्हा आढळले की, पेशीबाहेर येणारा त्याचा भाग सस्तन प्राण्यांच्या मानाने दुहेरी आहे. एकावर एक अशा दोन शृंगिका. पारव्यातही तसेच. ह्या ग्राहीचे जनुक 'झेड' गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नरास दोन झेड व मादीस एकच, त्यामुळे कोंबडीस हे जनुक बापाकडूनच मिळते. साहजिकच असे वाटू लागले की खुडूकपणाची किल्ली येथेच असावी. पण कोंबडी आपल्या सोयीने वागत नाही. पांढऱ्या लेगहॉर्न जातीतून खुडूकपणा निवडीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे. तरीही संकर करून पाहता तो एका झेड-जनुकाचा खेळ नसून अनेक जनुकांचा आहे असे दिसून आले. उलट ह्या ग्राहीच्या जनुकाने भलतीकडेच आपले अस्तित्व दाखविले. काही कोंबड्यांच्या पिलांना पंखांची पिसे उशिरा फुटतात, आणि हा गुण झेड गुणसूत्राबरोबर चालतो, हे १९२० नंतरच्या काही वर्षांतच कळले होते. २००८ साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखविले की, ह्या उशीरपिसांच्या कोंबड्यांत प्रोलॅक्टिन-ग्राहीच्या जनुकाचा व त्याच्या शेजाऱ्याचा काही भाग दुबार झालेला आहे. अंडी उबविण्याच्या कारखान्यांत एक दिवसाच्या पिलांचे पंख उलगडून नर-मादी निवडण्याची रीत आहे. ती ह्याच गुणावर उभी आहे. बाप लवकर पिसे येणाऱ्या कुळाचा व आई उशिरा येणाऱ्या कुळाची घेतली, की मुली बापावर जातात व मुलगे उशीरपिसे निघतात. दुधाच्या नावाचा, उबवणीसाठी प्रसिद्ध असलेला ग्राही असा पिलांचे लिंग ओळखण्याच्या धंद्यात कामी येतो.

घेणाऱ्याचे महत्त्व दाखविणारी ह्याहूनही ठळक उदाहरणे आहेत. १९५९ साली अमेरिकेतील हट ह्यांनी झेड गुणसूत्राबरोबर चालणाऱ्या बुटक्या कोंबड्यांचे वर्णन केले. ह्या कोंबड्यांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक भरपूर असते. १९९१ च्या सुमारास कळले की दोष त्या संप्रेरकाच्या ग्राहीच्या जनुकात आहे. हाका मारणारा घसा फाडतो आहे आणि ऐकणारा बहिरा आहे. दुसरे उदाहरण एडिंबरोचे, २०१० सालचे. क्वचित अशी कोंबडी जन्मते की जिची एक बाजू कोंबड्याची व दुसरी कोंबडीची असते : एका बाजूस मोठा कल्ला व आरी, दुसऱ्या बाजूस मादीची ठेवण. दोन्ही बाजूंस वाहणारे रक्त एकच, त्यातील संप्रेरके तीच. एडिंबरोच्या संशोधकांनी दाखविले की, दोन बाजूंच्या पेशींत गुणसूत्रेच वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक पेशी आपण नर की मादी हे बऱ्याच अंशी स्वतः ठरविते. बेर्टोल्ड ह्यांच्या प्रयोगास ह्यामुळे बाध येत नाही, कारण तुऱ्यास संप्रेरक लागतेच. परंतु रक्त सर्व काही ठरविते ही समजूत तेथे संपली.

ह्या सर्वांत इतिहासाच्या विद्यार्थ्यास विशेष महत्त्वाचा वाटावा असा शोधही २०१० सालचाच. रानकोंबडा व पाळीव कोंबड्या ह्यांच्या जनुकसंचांची तुलना करता स्वीडनमधील संशोधकांना आढळले की, पाळीव कोंबड्यांत एका ठिकाणी निवडीचा ठसा अतिशय स्पष्ट आहे, आणि ते ठिकाण म्हणजे अवटु ग्रंथीस चेतविणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक. ऋतुमानाप्रमाणे प्रजनन करण्याशी ह्या ग्राहीचा संबंध आहे. रानकोंबडी ठराविक हंगामात अंडी घालते. पाळीव कोंबडी बारा महिने. हा बदल माणसाळण्याच्या आरंभीच घडला असे प्रथम मानले गेले. परंतु २०१४ साली जुन्या युरोपीय हाडांतून काढलेल्या जनुकद्रव्याने ती कल्पना डळमळविली, आणि २०१७ सालच्या अभ्यासाने युरोपातील ह्या निवडीचा जोर दहाव्या शतकाच्या सुमारास लागला असे दर्शविले. उपवासाच्या काळात कोंबडी व अंडी चालतील ह्या धर्मनियमांशी त्याचा संबंध लावण्यात आला. कारणाविषयी मतभेद होऊ शकेल. पण एक ग्राही बदलण्याचा काळ शतकांच्या मापाने सांगता यावा, ही गोष्ट इतिहासलेखकास लहान नाही.

हे सर्व युरोपाचे झाले. सह्याद्रीचा वाटाही नोंदवून ठेवावा. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु तिच्या पिवळ्या पायांचे व कातडीचे जनुक त्याच्याकडून आलेले नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आले असे २००८ साली सिद्ध झाले, आणि हा राखी रानकोंबडा आमच्या घाटांतला व दक्षिण भारतातला. तसेच ज्या कडकनाथ कोंबडीचे काळे मांस अलीकडे महाराष्ट्रात मोठ्या भावाने विकले जाते, ती झाबुआची. तिचा काळेपणा एका संप्रेरकसदृश द्रव्याच्या जनुकाचा प्रदेश दुबार झाल्याने आलेला आहे. त्या द्रव्याचा पुरवठा वाढतो आणि रंगपेशी जेथे जाऊ नयेत तेथे, हाडांच्या आवरणापर्यंत, पसरतात. येथे बदलला तो घेणारा नव्हे, देणारा. माझ्या प्रतिपादनास हा अपवाद आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

शेवटी एक व्यावहारिक प्रश्न. वरळीच्या चाळींत काय किंवा नव्या मनोऱ्यांत काय, एक वाक्य सारख्याच खात्रीने ऐकू येते : 'बाजारातल्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देतात.' मुलींना लवकर पाळी येण्यापासून पुरुषांच्या वाढत्या पोटापर्यंत अनेक गोष्टींचे खापर ह्या वाक्यावर फोडले जाते, आणि त्या भीतीने काही घरांत वाढत्या मुलांचे अंडेही बंद होते. ह्या समजुतीस इतिहासाचा थोडा आधार आहे. अमेरिकेत १९४७ पासून कोंबड्यांच्या मानेच्या कातडीखाली कृत्रिम इस्ट्रोजेनची गोळी ठेवण्याची परवानगी होती. उद्देश नरांचे मांस खच्ची कोंबड्यासारखे मऊ व्हावे हा. ती प्रथा १९५९ साली बंद करण्यात आली. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्याने खाद्यातून देऊन उपयोग नाही, ते पचून जाते. रोज टोचावे म्हटले तर हजारो पिलांच्या शेडमध्ये कोण टोचणार. आणि टोचलेच तरी मांसल कोंबडीच्या वाढीत त्याने सांगण्यासारखी भर पडत नाही असे प्रयोग सांगतात. प्रतिजैविकांचा प्रश्न अगदी वेगळा आणि खरा आहे, पण तो ह्या वाक्यात येत नाही.

मग कोंबडी एवढी मोठी झाली कशी? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालच्या वाणाची कोंबडी पुढे निवड न करता तशीच राखलेली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती, १९७८ सालचा वाण व २००५ सालचा वाण ह्यांना एकच खाद्य देऊन वाढविण्यात आले. ५६ दिवसांनी सरासरी वजने भरली ती अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, इंजेक्शन नाही. बदलली ती पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने कोंबडी स्वतः. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता लोकांच्या त्या वाक्यातील 'देतात' ह्या क्रियापदास कर्ता नाही. कोण देतात, हे वाक्य बोलणारास ठाऊक नसते आणि ऐकणाराही विचारीत नाही. हार्मोन मात्र ठळकपणे उच्चारला जातो, आणि ज्या कोंबडीस तो दिला असे म्हणतात, ती चतुर्थी विभक्तीत उभी असते.